बाई, तुमचा मुलगा कुठं शिकतो?

मुंबईत महापालिकेच्या मराठी शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. पटनोंदणीसाठी दरवर्षी वस्तीत हिंडावं लागे. एकदा धुणीभांडी करणाऱ्या एका आईनं विचारलं, ‘‘बाई, तुमचा मुलगा कुठं शिकतो?’’ तो खासगी इंग्रजी शाळेत होता. मी गप्प झाले. तिनं मुलीचं नाव दिलं नाही.

सरकारी नोकरांनी मुलं सरकारी शाळेतच घालावीत, असा आदेश अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०१५ साली दिला होता. सक्तीनं हे साधेल असं मला वाटत नाही. पण त्यामागचा प्रश्न खरा आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक ठरवला. जनगणना आणि निवडणुकीची कामं मात्र शिक्षकाकडेच राहिली. मी मतदारयादी घेऊन फिरे, तेव्हा माझी मुलं शेजारच्या वर्गात कोंबलेली असत. हे जवळून पाहिलं, म्हणून तर माझा मुलगा तिथं घातला नाही.

महापालिकेनं २०२१ साली सीबीएसईच्या नव्या शाळा काढल्या, तेव्हा जागांहून अर्ज जास्त आले. म्हणजे पालकांना महापालिकेचं वावडं नाही. भरवसा वाटला, तर ते येतात. मराठी वर्गाला तोच भरवसा द्यायचा, तर आधी बाई वर्गात हवी.

ती आई आज भेटली, तर आधी खरं उत्तर देईन. नाव मग मागेन.