प्रदर्शनाला जाताना बोंडे सोबत न्या



डिसेंबर सरत आला की कळंबच्या आठवडी बाजारात एकच विचारणा होते, "साहेब, अकोल्याला कधी निघायचं?" डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे कृषी प्रदर्शन अलीकडे भाऊसाहेबांच्या जयंतीला, म्हणजे २७ डिसेंबरला धरून भरत आले आहे. आणि ते शोभतेही. भाऊसाहेब देशाचे कृषिमंत्री असताना, १९५९ च्या डिसेंबरात, त्यांच्याच पुढाकाराने दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरले होते. उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर हजर होते. अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा, बरं का!

तर प्रदर्शन पाहा, हौस करा. ट्रॅक्टरवर बसून फोटो काढा, गरम भजी खा. पण एवढ्या लांब जायचे तर आपल्या वावरातला एक प्रश्न बरोबर न्यावा, असे माझे सांगणे आहे.

या दिवसांत प्रश्न असतो पऱ्हाटीचा. दोन-तीन वेचे झालेले असतात, झाडावर अजून हिरवी बोंडे दिसतात. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला वाटते, एक ओलीत देऊ आणि फरदड घेऊ. हे ठरवण्याआधी एक करा. वावरात तिरपे चालत जाऊन वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडे तोडा आणि फोडून पाहा. वरून बघून भागत नाही. गुलाबी अळी बारीक असतानाच आत शिरते, मागून छिद्र बुजते, आणि बोंड निरोगी दिसते. वीसपैकी दोन बोंडांत अळी निघाली तर नुकसान १० टक्क्यांवर गेले म्हणून समजावे.

आणखी पाच-दहा बोंडे न फोडता पिशवीत घाला, तोंड घट्ट बांधा. वाण कोणता, पेरणी कधीची, किती फवारण्या झाल्या आणि कशाच्या, हे चिठ्ठीवर लिहा. प्रदर्शनात विद्यापीठाच्या दालनात कीटकशास्त्राची माणसे असतात, त्यांच्यापुढे पिशवी ठेवा. त्या दालनात गर्दी कमी असते, निवांत बोलता येते.

कोणी म्हणेल, "फरदडीचे हाती येणारे दोन क्विंटल सोडू कशाला?" अहो, शेवटच्या बोंडांतली अळी सरकीत आणि वाळल्या बोंडांत झोपून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. मग तुमचेच नव्हे, धुऱ्यापलीकडच्याचेही पीक जाते. २०१७ साली बीटी असूनही विदर्भात काय झाले ते आपण भोगले आहे. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटावी. पऱ्हाट्या बारीक करणारे यंत्र प्रदर्शनात चालवून दाखवायला सांगा. एकट्याला परवडत नसेल तर गटाने घेण्याचा हिशेब तिथेच करा.

फवारणी पंपाच्या दुकानापुढे मात्र जरा जास्त थांबा. त्याच २०१७ साली आपल्या जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन माणसे दगावली. झाडे डोक्याएवढी, औषधांची मिसळ, अंगावर साधा सदरा. विक्रेता म्हणेल, "एका तासात एकर होते." तुम्ही विचारा, तुषार उडतो कुठवर, फवारणाऱ्याच्या तोंडावर किती येतो? नुसते पाणी भरून चालवून दाखवा म्हणावे. तोंडावरची पट्टी, चष्मा, हातमोजे लगेच घ्या. पंप पुढल्या वर्षी घेतला तरी चालेल.

घरच्या बाईमाणसांनाही न्या. वेचणी त्या करतात, कवडी कापूस आधी त्यांच्याच हाताला लागतो. नेमके कोणत्या तासापासून बोंडे किडकी लागली, हे त्याच सांगू शकतील.

बियाणे घेतले तर पावती घ्या, पिशवीवरची लेबले जपून ठेवा. ज्यांना अकोल्याला जाणे जमणार नाही त्यांनी तीच बोंडे यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्यावीत, किंवा कळंबला तालुका कृषी कार्यालयात आणावीत. चिठ्ठी तेवढी विसरू नका.