मोबाईल मुकादमाकडे चार्जिंगला आहे

मागच्या भागानंतर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. "दादा, चहाचे दहा रुपये मोबाईलवरून जातात, मग मत का जात नाही?" तुम्हीही कधीतरी हे बोलला असाल. मी तर बीटेकला असताना हॉस्टेलवर यावर तासन्‌तास भांडायचो. आज मी पेमेंटच्याच सॉफ्टवेअरवर काम करतो आणि माझं मत बदललंय. थोडं कामामुळे, जास्त एका कुलपामुळे.

माझं गाव ब्राह्मणपुरी, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान होतं, म्हणून पुण्याहून रात्रभर बसने गेलो. सकाळी मत दिलं, शाईच्या बोटाचा फोटो स्टेटसला टाकला. दुपारी शेताकडे निघालो तर वाटेत काका-काकूंचं घर लागलं. पावसाळ्यात ते आमच्याकडे कामाला असतात. दाराला कुलूप, आणि कडीत दोन मतदार चिठ्ठ्या खोचलेल्या. नाव, अनुक्रमांक, केंद्र, सगळं बरोबर. माणसं मात्र बारडोलीकडे ऊस तोडत होती.

हे एका घराचं नाही. शहादा, धडगाव, अक्कलकुवा, इथली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला बाहेर पडतात, कुणी गुजरातेत, कुणी पश्चिम महाराष्ट्रात. त्या वर्षी महाराष्ट्राचा गाळप हंगामच 15 नोव्हेंबरपासून ठरला होता. मतदान पाच दिवसांनी! लोकसभेला आमच्याकडे 13 मे 2024 ला मतदान झालं, तेव्हा ही माणसं गावात होती. म्हणजे काकांना मत आहे की नाही, हे तारखेने ठरवलं.

आता कुणी म्हणेल, सुट्टी मिळते की. मिळते. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 135 ब. मतदानाची भरपगारी सुट्टी, रोजंदारीवाल्यालाही. पण ऊसतोडीचे पैसे टनावर. वर उचल आधीच घेतलेली, ती फेडायची. दोघांचं जाणं-येणं म्हणजे दोन दिवस बुडाले, गाडीभाडं वेगळं. तुमच्याआमच्या ऑफिसात सुट्टीचा ईमेल येतो, तसा फडात येत नाही.

मग मोबाईल? ऐका. पेमेंट अडकलं की मी लॉग उघडतो. कुणी पाठवले, कुणाला, किती वाजता, सगळं दिसतं. चूक सापडली की पैसे परत. मताला नेमकं उलटं लागतं. तुम्ही कुणाला दिलं हे कुणालाच दिसता कामा नये, सर्व्हर सांभाळणाऱ्या माझ्यासारख्यालासुद्धा. आणि तरी हरलेल्या माणसाला मोजणी पटली पाहिजे. लॉग ठेवला तर गुप्तता गेली, नाही ठेवला तर पुरावा गेला. यावर गणिती तोडगे आहेत, नाही असं नाही. पण ते आमच्या गावच्या पोलिंग एजंटला कोण समजावणार? जर्मनीच्या घटना न्यायालयाने 2009 मध्ये तिथली मतदान यंत्रं याच मुद्द्यावर नाकारली. तांत्रिक ज्ञान नसलेल्या साध्या नागरिकालाही मोजणी तपासता यायला हवी, असं त्यांचं म्हणणं.

एस्टोनियात 2005 पासून इंटरनेटवर मत देता येतं, हेही खरं. तिथे कुणी दबाव टाकून मत द्यायला लावलं तर नंतर पुन्हा द्यायची सोय आहे, शेवटचं धरतात. छान कल्पना. फक्त त्यासाठी फोन तुमच्या हातात पाहिजे.

होळीला काका-काकू परत आले तेव्हा मी काकांना विचारलं होतं, मोबाईलवरून मत देता आलं असतं तर? ते हसायला लागले. "मोबाईल तं मुकादमजवळ चार्जिंगला राहतो ना भाऊ."

माझी हॉस्टेलवरची सगळी भांडणं तिथे संपली. उचल मुकादमाची, चार्जर मुकादमाचा, ओटीपी आल्यावर शेजारी उभा राहणारा पण मुकादमच. (सगळेच तसे असतात असं मी म्हणत नाही. पण तसा एक पुरतो.) बूथमध्ये यंत्राभोवती पुठ्ठ्याचा आडोसा असतो बघा, ज्याकडे आपण लक्षही देत नाही, तो काकांसाठी सगळ्यात भारी टेक्नॉलॉजी आहे. त्याच्या आत मुकादम येऊ शकत नाही.

म्हणून मला वाटतं, मत फोनमध्ये नको, आडोसा फडाजवळ न्या. ही काही माझ्या डोक्यातली आयडिया नाही. निवडणूक आयोगाने 29 डिसेंबर 2022 ला रिमोट व्होटिंग मशीन जाहीर केलं होतं. एका केंद्रावरून 72 मतदारसंघांची मतं घेता येतील असं यंत्र. 16 जानेवारी 2023 ला पक्षांना दाखवायला बोलावलं, पण विरोधी पक्षांनी हरकती घेतल्या. स्थलांतरित कुणाला म्हणायचं? परराज्यातल्या केंद्रावर आपले एजंट कसे बसवायचे? तिथे आचारसंहिता कोण पाळायला लावणार? या हरकती मला खऱ्या वाटतात, राजकारण म्हणून झटकता येणार नाहीत. यंत्र मात्र वापरात आलं नाही.

पण यंत्राशिवायही रस्ते आहेत. काश्मिरी विस्थापितांसाठी जम्मू आणि दिल्लीत खास केंद्रं असतात. जवानांना मतपत्रिका ऑनलाइन जाते, ते ती छापून टपालाने परत पाठवतात. 2024 मध्ये 85 च्या वरच्या आजी-आजोबांकडे कर्मचारी घरी गेले. आणि आमच्या अक्कलकुव्यात मणिबेली आहे, राज्यातलं मतदान केंद्र क्रमांक 1. तिथे नर्मदेच्या पाण्यातून बोटीने यंत्रं जातात. बोटीने जाता येतं, मग कारखान्याच्या तळावर का नाही?

अडचण यादीची आहे, असं सांगतात. कोण कुठे गेलं कसं कळणार? अहो, मुकादमाला कळतं! हंगामाआधी, उचल देतानाच, कोणता कोयता कुठल्या कारखान्याला, हे त्याच्या वहीत असतं. बीएलओने त्याच दिवसांत घरोघरी जाऊन विचारावं, नोंद करावी, टपाली मताचा अर्ज भरून घ्यावा. मग मतदानाच्या चारेक दिवस आधी एक केंद्र, एकाच कारखान्याच्या तळावर, सगळ्या पक्षांच्या एजंटांसमोर. आधी एवढंच करून बघा. चुका होतील, त्या छोट्या असतील.

आधारचा पहिला नंबर आमच्याच तालुक्यात, टेंभलीत दिला गेला, 29 सप्टेंबर 2010 ला. तो नंबर काकांबरोबर बारडोलीला जातो. मत घरीच कडीत राहतं.

त्या दोन चिठ्ठ्या काकूंनी रेशनकार्डात जपून ठेवल्यात. मी म्हटलं, काकू, या आता चालत नाहीत. म्हणाल्या, "राहू दे, नाव तं आमचंच आहे."

तुमच्या गावातून कुणी तोडीला, वीटभट्टीवर जात असेल तर यंदा ते कोणत्या तारखेला निघाले, तेवढं विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्या ऐकू. चला, भेटू.