ध्रुवाची उंची



हीरक महोत्सवाच्या या प्रसंगी मी आपणांशी आकाशाविषयी बोलणार आहे; पण ते आकाश येथले नव्हे. ते आहे तंजावर जिल्ह्यातील पापनाशमचे, म्हणजे कावेरीकाठच्या भातशेतीच्या आणि नारळीच्या मुलखाचे. शाळेत मिळालेले ज्ञान परमुलखात कितपत साथ देते, हा माझा विषय.

आपण सर्वांनी एक रीत पाठ केली आहे. सप्तर्षींच्या चौकोनातील पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेघ क्रतूच्या पुढे त्यांच्यातील अंतराच्या पाचपट वाढवावी, म्हणजे ध्रुव सापडतो. त्याच्या थेट खाली क्षितिजावर उत्तर. रीत खरी आहे. परंतु तेवढीच पाठ असलेला विद्यार्थी पापनाशमला गोंधळेल, कारण ध्रुव तेथे किती उंचीवर असेल हे ती सांगत नाही.

ते सांगणारा नियम साधा आहे: ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची जवळजवळ त्या स्थळाच्या अक्षांशाइतकी असते. पुण्याचा अक्षांश १८.५ अंश, पापनाशमचा ११ हून किंचित कमी. हात ताठ पुढे धरला तर मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते. म्हणजे पुण्यात ध्रुव जवळजवळ दोन मुठींवर, तर पापनाशमला जेमतेम एका मुठीवर, बहुधा नारळीच्या शेंड्यांआड. एका अंशामागे सुमारे १११ किलोमीटर दक्षिणेस सरकावे लागते. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापले. त्यानंतर देशावरून तिकडे गेलेल्या प्रत्येक कुटुंबाचा ध्रुव असाच खाली उतरला. उलट, दुसरे सरफोजीराजे परिवारासह काशीयात्रेला गेले, तेव्हा तो २५ अंशांवर चढला.

आता नक्षत्रे. एप्रिल-मे महिन्यांत रात्री नऊच्या सुमारास सप्तर्षी पापनाशमला उत्तरेस चांगले वर असतात. वसिष्ठाशेजारची अरुंधती तेव्हा पाहावी. तमिळ विवाहातही वधूवरांना ती दाखवण्याचा विधी आहे. नोव्हेंबरच्या संध्याकाळी मात्र सप्तर्षी क्षितिजाखाली असतात आणि ध्रुवाच्या दुसऱ्या बाजूस शर्मिष्ठेचे पाच तारे इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखे दिसतात. पण तो काळ तेथे ईशान्य मोसमी पावसाचा. म्हणून जानेवारीपर्यंत थांबावे. तेव्हा शर्मिष्ठा वायव्येकडे झुकलेली सापडते.

उत्तर बाजू झाडांनी झाकलीच असेल, तर मृगाचा आधार घ्यावा. त्याच्या बाणातील सर्वांत आधी उगवणारा तारा खगोलीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळे जवळजवळ नेमका पूर्वेस उगवतो व पश्चिमेस मावळतो. एप्रिलअखेर रात्री नऊच्या सुमारास तो मावळतो. त्याच्याकडे तोंड केले की उजव्या हाताला उत्तर. हे पुण्यात खरे, पापनाशमला खरे आणि लंडनलाही खरे. लंडनला ध्रुव पाच मुठींवर असतो आणि सप्तर्षी कधीच मावळत नाहीत.

पालकहो, आपली मुले उद्या दूर जातील. निघण्यापूर्वी एखाद्या निरभ्र रात्री त्यांना गच्चीवर न्यावे, ध्रुव किती मुठींवर आहे ते त्यांच्याच हाताने मोजू द्यावे आणि तसा का, हे आपल्या भाषेत समजावून सांगावे. रीत आणि तिचे कारण दोन्ही ठाऊक असलेल्या मुलाला नव्या गावी उत्तर विचारत फिरावे लागत नाही. या शाळेने आम्हांला कारणे विचारू दिली. तिच्या ऋणातून अंशतः उतराई होण्याचा मला दिसणारा मार्ग हाच आहे.