जुन्या ऑसिलोस्कोपचे कंडेन्सर

पंखा हळू फिरायला लागला की आपण म्हणतो, कंडेन्सर गेला. भोसरी-चाकणकडच्या वर्कशॉपांतल्या जुन्या ऑसिलोस्कोपचंही बऱ्याचदा तेच असतं. ऑसिलोस्कोप म्हणजे विजेची लाट पडद्यावर हिरव्या रेषेत दाखवणारं यंत्र. ठाण्याची ॲपलॅब कंपनी ते बनवायची.

त्यातल्या डबीसारख्या कंडेन्सरमध्ये ओला कागद गुंडाळलेला असतो. वीस-तीस वर्षांत तो सुकतो. मग रेषा थरथरते, जाड होते. कधी डबीचं डोकं फुगतं. लोक यंत्र भंगारात काढतात, पण चार-पाच डब्या बदलल्या की ते पुन्हा चालू शकतं.

मात्र जपून. प्लग काढला तरी आत वीज राहते, काही डब्यांत ३०० व्होल्टच्या वर, पडद्याच्या नळीपाशी २००० च्या आसपास. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणारे असतात. ती मर्दुमकी नको. रेझिस्टर लावून वीज उतरवायची, मीटरवर शून्य बघायचं, मगच हात. बांगड्या काढायच्या, पदर खोचायचा. कारागीर म्हणतात, एक हात खिशात ठेवा. साडीला खिसा नाही, म्हणून तो पाठीमागे.

नव्या डबीचे मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ डिग्रीची घ्या. जुनी काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा; मायनसची पट्टी उलट बसली तर डबी फुटते. पंख्याच्या नि पाण्याच्या मोटरच्या कंडेन्सरला प्लस-मायनस नसतं. बंद केल्यावर वीज मात्र त्यातही राहते.