न झालेल्या हंगामाचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



अभ्यासवर्गात क्रिकेटचा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु मी धावा आणि बळी यांविषयी बोलणार नाही. रणजी करंडक स्पर्धेच्या ज्या हंगामात एकही चेंडू टाकला गेला नाही, त्या २०२०-२१ च्या हंगामाविषयी मला बोलावयाचे आहे. खेळ हेही अनेकांचे पोटाचे काम आहे; आणि काम बंद पडले की कामकऱ्याचे काय होते, हा प्रश्न आपल्या चळवळीला परका नाही.

ही स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातही खंडित झाली नाही. मुंबईचे पंचरंगी सामने धर्मवार संघांचे होते; गांधीजींनी १९४० मध्ये त्यांना विरोध केला आणि १९४५-४६ नंतर ते बंद पडले. प्रांतवार संघांची रणजी स्पर्धा मात्र टिकली आणि वाढली. २०१८-१९ मध्ये ईशान्येकडील आणखी सहा राज्ये तीत आली, आणि पुढच्याच हंगामात संघांची संख्या ३८ झाली. मार्च २०२० मध्ये राजकोट येथे सौराष्ट्राने बंगालविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर प्रथमच करंडक जिंकला. त्या सामन्याचा अखेरचा दिवस प्रेक्षकांविना पार पडला, आणि त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे ही स्पर्धा झालीच नाही.

साथ खरी होती, हे मान्यच केले पाहिजे. ३८ संघांना दोन महिने विलगीकरणात ठेवून चार-चार दिवसांचे सामने खेळविणे सोपे नव्हते. परंतु त्याच साथीत, सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२० या काळात, आयपीएल स्पर्धा संयुक्त अरब अमिरातीत नेऊन पार पाडण्यात आली. तिच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपण-हक्कांची किंमत १६,३४७ कोटी रुपये होती. जेथे कोट्यवधींचा करार असतो तेथे अडचणींतून वाट काढली जाते. रणजीसाठी तशी वाट निघाली नाही. जानेवारी २०२१ च्या अखेरीस नियामक मंडळाने राज्य संघटनांना कळविले की, यंदा रणजीऐवजी एकदिवसीय सामन्यांची विजय हजारे स्पर्धा होईल.

आता हिशेब पाहा. त्या वेळी अंतिम अकरांतील खेळाडूस दिवसाला ३५,००० रुपये मिळत. चार दिवसांचे आठ साखळी सामने पूर्ण खेळणाऱ्याचे हे ११,२०,००० रुपये होतात. रक्कम ऐकून कुणी म्हणेल, हे कसले कामगार? परंतु ही संघात असेपर्यंतचीच मिळकत. दुखापत झाली की ती थांबते. आयपीएलचे करार मोजक्यांनाच मिळतात. पूर्वी खेळाडूला स्टेट बँक, रेल्वे, टाटा, निर्लॉन किंवा एसीसी अशा ठिकाणी नोकरीचा आधार असे. तो आधार आटत गेला. राष्ट्रीय संघातील खेळाडूंशी मंडळ वार्षिक करार करीत होते. रणजी खेळाडूंसाठी मात्र देशपातळीवर तशी व्यवस्था नव्हती. थोडक्यात, ही रोजंदारीच होती.

भरपाईचा निर्णय सप्टेंबर २०२१ मध्ये, म्हणजे जवळजवळ आठ महिन्यांनी झाला. २०१९-२० मध्ये खेळलेल्यांना सामन्यांच्या मानधनाच्या ५० टक्के रक्कम देण्याचे ठरले. ज्याचे पदार्पण त्या बुडालेल्या हंगामात व्हावयाचे होते, त्याचे नाव या हिशेबात येणारच नव्हते. त्याच वेळी दररोजचे मानधन अनुभवानुसार ४०,००० ते ६०,००० रुपये करण्यात आले. वृत्तपत्रांनी वाढीचे मथळे दिले. पण २०२१-२२ चा हंगाम आयपीएलच्या आधी आणि नंतर असा दोन तुकड्यांत झाला, आणि साखळीत प्रत्येक संघाच्या वाट्याला तीनच सामने आले. बारा दिवसांचे नवोदितास ४,८०,००० आणि सर्वांत अनुभवी खेळाडूस ७,२०,००० रुपये! दर वाढला, कामाचे दिवस घटले आणि हाती पडणारी रक्कम पूर्वीपेक्षा कमी झाली. ही युक्ती गिरणीकामगाराला वा शेतमजुराला समजावून सांगावी लागणार नाही. २०२२-२३ मध्ये वरच्या गटांतील संघांना पुन्हा सात साखळी सामने मिळाले, ही गोष्ट वेगळी.

या सर्व काळात खेळाडूंच्या बाजूने बोलावयाचे कुणी? लोढा समितीच्या शिफारशीनंतर २०१९ मध्ये खेळाडूंची संघटना स्थापन झाली खरी, परंतु ती निवृत्त खेळाडूंची! जे प्रत्यक्ष मैदानावर घाम गाळतात त्यांना वाटाघाटीच्या मेजावर खुर्चीच नाही. इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूंची संघटना १९६७ पासून आहे. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये राज्यपातळीवरील खेळाडूंचा उत्पन्नातील वाटा काढून घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा स्मिथ, वॉर्नर यांच्यासारखे नामवंत त्यांच्या पाठीशी उभे राहिले. जूनअखेर करार संपून सुमारे २३० खेळाडू बेरोजगार झाले, तरी फूट पडली नाही. ऑगस्टच्या आरंभी मंडळाला तडजोड करावी लागली. आपल्याकडे दोष गुणवत्तेचा नाही, एकजुटीचा आहे.

तेव्हा आपली मागणी साधी असावी. प्रत्येक रणजी खेळाडूशी, स्त्री-क्रिकेटपटूंशीही, वर्षाचा लेखी करार व्हावा; सामने रद्द झाले तरी किमान उत्पन्नाची हमी असावी; आणि खेळत्या खेळाडूंच्या संघटनेस मान्यता मिळावी. पंच, गुणलेखक आणि मैदानाची निगा राखणारे माळी यांनाही या हमीबाहेर ठेवता कामा नये. जून २०२२ मध्ये बंगळूरला मुंबईस हरवून मध्य प्रदेशाने पहिला करंडक उचलला, तेव्हा सर्वांनी स्पर्धा पुन्हा सुरू झाल्याचा आनंद मानला. तो रास्तच होता. परंतु पुढचे संकट केव्हा येईल हे कुणी सांगू शकत नाही. त्याआधी करार हाती असला पाहिजे. संकटानंतर मिळतो तो केवळ दिलासा.