पैशाचा हिशेब, श्रमाचे मोल आणि शाळेत येणारे गावकरी



सातवीतील मुलगा सरळव्याजाचे उदाहरण फळ्यावर बिनचूक सोडवितो; परंतु त्याच्याच घरी ‘शेकडा पाच’ने काढलेले पाच हजार रुपये वर्ष उलटले तरी का फिटत नाहीत, हे त्यास उमगत नाही. शेकडा पाच म्हणजे दरमहा २५० रुपये. बारा महिन्यांत ३,००० रुपये देऊन झाले, तरी मुद्दल जेथल्या तेथेच. पुस्तकातील दर सालाचा असतो, गावातील दर महिन्याचा असतो. हा भेद स्वानुभवाने सांगणारे माणूस वर्गात यावयास हवे, आणि असे माणूस बहुतेक गावांत असतेच.

महिला बचत गटाचा हिशेब ठेवणारी भगिनी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तिने गटाची वही घेऊन एक तास वर्गात बसावे. समजा, गटाने शेकडा दोनने ५,००० रुपये दिले आणि दरमहा १,००० रुपये मुद्दल परत येते. पहिल्या महिन्याचे व्याज १००, नंतर ८०, ६०, ४०, २०. एकूण ३०० रुपये. तेच व्याज मूळ रकमेवर अखेरपर्यंत आकारले, तर ५०० रुपये होते. दर एकच असून दोनशे रुपयांचा फरक का पडला, हे मुलांनी स्वतः शोधावे. शिक्षकाने उत्तर सांगण्याची घाई करू नये. मात्र वहीतील कर्जदारांची नावे झाकलेली असावीत. वर्गातीलच एखाद्या मुलाची आई त्या पानावर असू शकते.

सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांस बोलाविले, तर त्यांनी श्रमाच्या थोरवीवर भाषण करण्याचे कारण नाही. ते काम शाळेत पुष्कळ झालेले आहे. त्यांनी एक चौरंग आणावा. समजा, तो ६५० रुपयांस विकला जातो. लाकूड ३०० रुपयांचे, खिळे व पॉलिश ५० रुपयांचे. उरले ३००. मुले त्यास नफा म्हणतील. मग विचारावे, ‘यास दिवस किती लागले?’ दीड दिवस, असे उत्तर आले की रोज २०० रुपयांचा पडतो, आणि नफा वाटला तो मजुरीइतकाही नाही हे ध्यानात येते. किंमत का वाढवीत नाहीत, हा प्रश्न मग कोणी तरी विचारतोच. शहरातून येणारा तयार माल, गिऱ्हाइकाची ऐपत, उधारीत अडकलेला पैसा, या गोष्टी त्या गृहस्थांच्या तोंडून जितक्या खऱ्या वाटतात तितक्या पाठ्यपुस्तकातून वाटत नाहीत.

ही कल्पना आजची नव्हे. हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण द्यावे, हा विचार १९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडला होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले असून, त्यांत सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ शिकण्याचा उल्लेख आहे.

परंतु शिकणे आणि राबणे यांतील सीमारेषा शिक्षकाने डोळ्यांत तेल घालून जपली पाहिजे. कारागिराकडे गेलेल्या मुलाने रंधा हाती धरून पाहावा. त्याच्या दुकानाची मागणी पुरी करू नये. बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास मनाई झाली आहे; घरच्या कामात शाळेच्या वेळेबाहेर हातभार लावण्यापुरती मुभा आहे, तीही धोक्याच्या कामास नाही. ऊसतोडीच्या हंगामात ज्या शाळांचे पट रिकामे होतात, तेथे याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरे पथ्य पाहुण्याच्या हेतूविषयी. विम्याचा अथवा ठेवींचा प्रचार करू पाहणाऱ्यास कितीही गोड बोलत असला तरी वर्गाचे दार बंद असावे. पोस्टाच्या बचत खात्याची माहिती मात्र अवश्य द्यावी: दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास स्वतःच्या नावाने खाते उघडता येते. त्यास किमान ५०० रुपये लागतात, हेही त्याच वेळी सांगावे, आणि ‘कोणाकोणाचे खाते आहे, हात वर करा’ असे कदापि विचारू नये. ज्याच्या घरी संध्याकाळच्या पिठाची विवंचना आहे, त्या मुलास काटकसरीचा उपदेश हा टोमणाच वाटतो.

राहिला वेळेचा प्रश्न. रोजंदारीवर जाणारी स्त्री दुपारी शाळेत आली, तर तिचा रोज बुडतो. विनामूल्य सेवेची किंमत तिने दिलेली असते. यास्तव शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेतच अशा व्यक्तींची नावे काढून त्यांच्या सोयीचा वार विचारावा. शाळेच्या वेळापत्रकात तास पुढेमागे करता येतो. सुगीचे दिवस टाळावेत, आणि येणाऱ्याने काय आणावयाचे, वही की चौरंग, हे आठ दिवस आधी घरी जाऊन सांगावे.