डोंगरावरचे रविवारचे पाहुणे

मृगाचे पहिले सपाटे होऊन गेले आणि आर्द्रेची झड लागली, कीं पुण्याहून मुळशी, मावळ, भोर या बाजूंना जाणाऱ्या रस्त्यांवर रविवारीं सकाळीं मोठाल्या मोटारगाड्यांची रांग दिसूं लागते. त्यांत बसलेली मंडळी सहलीला निघालेली नसते. निदान केवळ सहलीला निघालेली नसते. एकाच रंगाचे सदरे, पाठीवर कंपनीचें नांव, हातांत नवेंकोरें खुरपें. आठवडाभर संगणकापुढें बसणारीं हीं तरुण माणसें डोंगरावर झाडें लावावयास आलेलीं असतात. दोन-तीन तासांत पांचशें-हजार रोपें मातींत जातात, फलकापाशीं छायाचित्र निघतें, चहा व गरम भजीं होतात, आणि दुपारपर्यंत डोंगर पुन्हां एकटा पडतो.

या मंडळींची थट्टा करण्याची रीत हल्लीं पडली आहे. ती न्याय्य नाहीं. हक्काची सुट्टी चिखलांत घालविणाऱ्या माणसाच्या मनांत कांहींतरी खरें असल्याखेरीज तो इतक्या दूर येत नाहीं. त्या दोन-तीन तासांच्या आधीं काय झालें होतें आणि नंतर काय होणार आहे, एवढेंच विचारावयाचें.

ही वर्दळ वाढण्याचें कारण कायद्यांत आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचें १३५ वें कलम सांगतें, कीं ठराविक मर्यादेपेक्षां मोठ्या कंपनीनें, उदाहरणार्थ जिचा वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक आहे अशा कंपनीनें, मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यापैकीं २ टक्के रक्कम लोकोपयोगी कामावर खर्च करावी. १ एप्रिल २०१४ पासून हें कलम अमलांत आलें. पर्यावरणाचें रक्षण त्या कामांच्या यादींत आहे, आणि झाड लावणें हें त्यांतलें सर्वांत सोपें व छायाचित्रांत उठून दिसणारें काम. सरकारनेंही असाच कित्ता घालून दिला होता. १ जुलै २०१६ रोजीं महाराष्ट्रांत एका दिवसांत २ कोटी रोपें लावण्याची मोहीम निघाली. २०१९ सालीं उद्दिष्ट ३३ कोटींवर गेलें. त्यांतलीं किती जगलीं, यावर पुढें विधिमंडळांतही वाद झाला. लावलेल्या रोपांचीच मोजणी करावयाची ठरली, म्हणजे मोजणाऱ्याचें काम जुलैंतच आटोपतें.

आधीं रोपांकडेच पाहूं. ‘देशी झाडें’ हा शब्द आतां सर्वांच्या तोंडीं बसला आहे, आणि तो बसण्यास कारणही घडलें. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुण्याभोंवतालच्या उजाड टेकड्यांवर गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावण्यांत आलें. हें झाड मूळचें मध्य अमेरिकेंतलें. फांदी खोंचली तरी रुजतें, ओला पाला गुरें सहसा खात नाहींत, आणि थोड्याच वर्षांत टेकडी हिरवी दिसूं लागते. उंदरांना विषारी म्हणून त्याला उंदीरमारी असेंही नांव आहे. टेकड्या हिरव्या झाल्या खऱ्या. पण माघ-फाल्गुनांतला तो गुलाबी फुलोरा सरला, कीं मागें राहतात त्या वाळक्या शेंगा. त्याच सुमारास उंबराच्या खोडाला लगडलेल्या फळांवर पांखरांची केवढी झुंबड उडालेली असते, तें ज्यानें पाहिलें असेल त्याला या दोन झाडांतला फरक निराळा सांगावयास नको.

मात्र ‘देशी’ म्हणजे तरी कोणत्या देशींचें? कडुनिंब देशी आहे. पण तो कोरड्या पठाराचा रहिवासी. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तेथें त्याचें काय काम? पुण्यांत हाच पाऊस ७०० मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपतो. एवढ्याशा अंतरांत वनस्पतींची सारी वस्ती बदलते. घाटमाथ्यावर अंजनी, पिसा, जांभूळ, हिरडा. पूर्वेकडे उतरत आलें, कीं ऐन, धावडा, मोई, सालई, पळस. एकाच डोंगराच्या ओढ्याकांठीं उंबर व करंज वाढतील, तर वरच्या खडकाळ उतारावर काटेसावर तग धरील.

अडचण अशी, कीं यांतलीं पुष्कळ झाडें रोपवाटिकेंत सहज मिळत नाहींत. जांभळाचें बीं पिकल्यावर थोड्याच आठवड्यांत रुजण्याची शक्ति गमावतें. हिरड्याचें कवच टणक, तो उगवावयास फार वेळ घेतो. कंपनीचा निरोप मात्र मेच्या अखेरीस येतो : हजार रोपें हवींत! मग जीं शिल्लक असतील तीं गाडींत चढतात. करंज, चिंच, कडुनिंब. आणि कधीं कधीं सरळसरळ गुलमोहर, जो मादागास्करचा. घाटाला शोभेल असें रोप हवें असेल तर त्याचें बीं निदान एक वर्ष आधीं गोळा केलेलें असावें लागतें, आणि तेंही जवळच्याच जुन्या झाडांचें. अशीं झाडें आज बहुधा देवराईंत उरलीं आहेत. १९७० च्या दशकांत डॉ. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनीं या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हां देवाच्या धाकानें कुऱ्हाड न लागलेल्या या लहानशा राया म्हणजे जुन्या अरण्याच्या शेवटच्या खुणा आहेत, ही गोष्ट सुशिक्षितांच्या ध्यानीं आली. गांवकऱ्यांना ती आधींच ठाऊक होती.

कोठें लावूं नये, हेंही सांगितलें पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यावरचे कातळसडे उन्हाळ्यांत ओसाड दिसतात, म्हणून तेथें खड्डे खणण्याचा मोह होतो. साताऱ्याजवळचें कासचें पठार असेंच आहे. तेथें बोटभर मातींत श्रावण-भाद्रपदांत फुलांचे गालिचे पसरतात. पश्चिम घाटांतील इतर स्थळांबरोबर त्याचें नांव २०१२ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलें. झाड नसणें हीच त्या जागेची प्रकृति आहे. निलगिरीच्या पर्वतावर इंग्रजांनीं गवताळ माळांवर ऑस्ट्रेलियांतील वॉटल आणून लावलें. तें इतकें पसरलें, कीं तें उपटण्याचा खटाटोप अजून चालू आहे.

आणि कित्येक उतारांवर तर रोप लावण्याचीही गरज नसते. तोडलेल्या ऐनाचे, जांभळाचे, अंजनीचे खुंट जमिनींत जिवंत असतात. दर पावसाळ्यांत त्यांना धुमारे फुटतात आणि दर उन्हाळ्यांत ते जळतात. त्यांची आग टळली, तर ते आणलेल्या रोपांना मागें टाकतात. कारण त्यांचीं मुळें खडकाच्या फटींतून खोल उतरलेलीं असतात.

तेव्हां सारें येऊन ठेपतें तें आगीपाशीं. पावसाळा सरला, कीं कंबरभर वाढलेलें गवत वाळूं लागतें. पौषानंतर एक ठिणगी पुरे होते. जाळलें म्हणजे पुढलें गवत चांगलें फुटतें या समजुतीनें कोणी काडी लावतो, कोणाची विडी पडते, कोणा सहलवाल्यांची चूल नीट विझलेली नसते. वाढलेलें झाड अशा आगींतून बहुधा वांचतें. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या रोपाचा निभाव लागत नाहीं. यावर उपाय जुनाच आहे. थंडींत, वारा पडलेला पाहून, उताराभोंवतीं गवताचा रुंद पट्टा कापावयाचा, माणसें उभीं करून तो आपणच जाळून घ्यावयाचा आणि पुढें चार महिने राखण करावयाची. याला जाळरेषा म्हणतात. या कामाला बरींच माणसें लागतात, आणि त्या दिवसांत डोंगरावर एकही मोटारगाडी आलेली नसते.

येथें हिशेबाचा एक घोळ आहे. कंपनीचें आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतें. त्या दिवशीं वणव्याचा हंगाम ऐन भरांत असतो. ‘रक्कम याच वर्षीं खर्चिली पाहिजे’ ही सबब पुष्कळ वर्षें ऐकूं येत असे. ती आतां लंगडी पडली आहे. जानेवारी २०२१ मध्यें सुधारलेल्या नियमांप्रमाणें एखादें काम आरंभाचें वर्ष सोडून आणखी तीन वर्षें चालणारें म्हणून मांडतां येतें. रोपाला आपल्या पायांवर उभें राहावयास साधारण एवढाच काळ लागतो.

राखण म्हटली, कीं राखणदार आला, आणि तो शहरांतून येणार नाहीं. ज्या उतारावर फलक लागतो तो ओसाड असेल, बेवारस मात्र नसतो. तेथें कोणाचीं गुरें चरतात, कोणाच्या घरचें सरपण तेथून येतें. भीमाशंकरच्या बाजूला महादेव कोळी कुटुंबें बाळहिरडा वेंचून, वाळवून विकतात व त्यावर वर्षाचा कांहीं खर्च भागवितात. अशा ठिकाणीं एका सकाळीं कुंपण पडलें आणि चराई बंद झाली, तर पुढें वणवा लागल्यावर हिरवा डहाळा घेऊन आग झोडपावयास कोणीं कां धांवावें? कुंपणाआधीं गांवकीची बैठक झाली, कोणता उतार राखावयाचा व कोणता गुरांना मोकळा ठेवावयाचा हें गांवानें ठरविलें, गवत कापून नेण्याची मुभा राहिली आणि राखणदाराचा रोज बाराही महिने चुकता झाला, तर गोष्ट निराळी होते. या रोजाचा खर्च छायाचित्रांत दिसत नाहीं, म्हणूनच बहुधा तोच आधीं छाटला जातो.

शहरांतील स्वयंसेवकांनीं मग करावें काय? जुलैंत जरूर यावें. पण हजारांऐवजीं दोनशें रोपें नीट लावावींत. प्लॅस्टिकची पिशवी फाडून वेगळी काढावी, तळाशीं वळलेलीं मुळें कापावींत, खोड होतें तितकेंच मातींत ठेवावें. पुरुषभर उंचीचें रोप वाऱ्यांत हलत राहतें, हातभराचें बरें. ऑक्टोबरमध्यें पुन्हां येऊन भोंवतालचें गवत काढून तेंच बुंध्याशीं अंथरावें, आणि जानेवारींत गांवकऱ्यांच्या हाताखालीं जाळरेषेला लागावें. दर वर्षीं नवा डोंगर न शोधतां त्याच उतारावर यावें, आणि तिसऱ्या वर्षीं जिवंत झाडें मोजून तोच आकडा अहवालांत छापावा, मग तो कितीही लहान निघो.

जांभळें पिकूं लागलीं म्हणजे आणखी एक काम निघतें, आणि त्याला पोरेंसोरेंही चालतात. राईच्या कडेला पडलेलीं जांभळें वेंचावींत, खावींत, बिया धुऊन त्याच आठवड्यांत मातीच्या पिशव्यांत घालाव्यात. पुढल्या आर्द्रेपर्यंत हातभर रोप तयार असतें.